आलन

फाटकातून आत आलेली बाई आपलीच पोरगी आहे हे सुलोचनाबाईंना कळलं, तेव्हा चुलीवरचा रस्सा नुकता उकळायला लागला होता. प्रिया छपरीत आली आणि खाटेच्या कडेवर बसली. समोर तिचे वडील गोवर्धन बसले होते. चार वर्षांनी बापलेक समोरासमोर आली होती आणि दोघंही अंगणातल्या कोंबडीकडे बघत होती.

चार वर्षांपूर्वी प्रियाने नवेगाव बांधकडच्या लखनशी लग्न केलं. पोरगा जंगल खात्यात कामाला, स्वभावाने गरीब, पण जातीतला नव्हता. गोवर्धननी भांडण केलं नाही की शिव्या दिल्या नाहीत. फक्त पोरीचं नाव घेणं बंद केलं. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या, असं सुलोचनाबाईंना वाटे. त्या प्रियाशी मोबाइलवर बोलत, पण परसात जाऊन.

"वालाचं बी न्यायले आली," प्रिया आईकडे तोंड करून म्हणाली. "माह्या हातची भाजी इथल्यासारखी होतच नाही. बीच दुसरं असन."

सुलोचनाबाई चुलीपाशी बसून ऐकत होत्या. वालाचं बी काय, तिरोड्याच्या बाजारात हवं तेवढं मिळतं. पण पोरीला यायला काहीतरी निमित्त हवंच ना!

गोवर्धन उठले. बियाण्यासाठी आढ्याला टांगलेल्या वाळक्या शेंगांची एक जुडी त्यांनी सोडली आणि प्रियाच्या शेजारी खाटेवर ठेवली. सुलोचनाबाईंनी चुलीपासून ते बघितलं. बी मिळालं, म्हणजे काम झालं. काम झालं, म्हणजे पोरगी जायला मोकळी.

पाहुण्याला जेवू घालायचं की नाही, हे त्याच्यासमोर बोलायची या घरात पद्धत नव्हती. भाजी पुरेल का असं विचारलं तर पाहुण्याला लाजल्यासारखं होतं, आणि पुरणार नाही म्हटलं तर घरच्यांना. म्हणून गोवर्धन छपरीतून नुसता आवाज देत, "आलन लाव वो!" मग सुलोचनाबाई तांदळाचं पीठ पाण्यात कालवून रश्श्यात सोडत. रस्सा दाट होई, वाढे, आणि एक ताट जास्त मांडलं जाई. आवाज आला नाही, तर पाहुण्याची चहावर बोळवण. खताचे एजंट, मतं मागायला येणारे आणि गोवर्धनचा एक बढाईखोर मावसभाऊ हे सगळे चहावाले. प्रिया यातच लहानाची मोठी झाली होती. छपरीतून आवाज आला की पिठाचा डबा तीच आणून द्यायची.

तेव्हा तिचेही कान आज त्याच शब्दाकडे लागले असणार. चहा सुलोचनाबाईंनी मुद्दामच मांडला नव्हता.

भाजीही आज नेमकी तीच होती. कुंपणावरच्या वेलाच्या कोवळ्या वालाच्या शेंगा, वांगी, टमाटर, पाट्यावर वाटलेला लसूण आणि मिरची. वरून टाकायचा हिरवागार सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून ठेवलेला. भाजी दोघांपुरतीच होती. त्यांनी वाटीत पीठ घेतलं, पाणी ओतलं, बोटांनी गुठळ्या मोडल्या. नवऱ्याच्या आवाजाआधी पीठ कालवण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

"येकटीच आली काय?" गोवर्धन शेवटी बोलले.

"नाही. ते रोडवर थांबले. बोडीच्या पाण्यापाशी, गाडी घेऊन."

"घरी काऊन नाही आला?"

"तुमी बलावलं नाही, बाबूजी."

गोवर्धन पुन्हा कोंबडीकडे बघू लागले. इकडे रस्सा आटत चालला होता. सुलोचनाबाईंना राहवेना. त्या वाटी घेऊन छपरीच्या दारात आल्या आणि आयुष्यात जे केलं नव्हतं ते केलं. पाहुण्यादेखत नवऱ्याला विचारलं.

"अजी, आलन लावू काय?"

गोवर्धननी मान वर केली नाही. "नोको लावू."

प्रियाने जुडी पिशवीत टाकली. उठून चपला पायात सरकवल्या. आईकडे तिने बघितलं नाही. बघितलं असतं तर तिथेच रडू फुटलं असतं. सुलोचनाबाईंनी वाटी खाली आदळली आणि पीठ त्यांच्या पायावर सांडलं. त्यांचा आवाज चढला.

"पोटच्या पोरीले उपाशी धाडता काय? पाहुन्यासारखी दारात आली ते. पाहुन्याएवढा त मान द्या तिले!"

गोवर्धन चमकून बघू लागले. आपण काय बोललो आणि या दोघींनी काय ऐकलं, हे त्यांना आत्ता कुठे कळत होतं.

"पाहुनी कायले?" ते म्हणाले. "घरच्या पोरीसाठी कोनी आलन लावते काय? माह्यातली भाजी देजो तिले."

प्रिया चपला पायात तशाच ठेवून खाली बसली आणि रडू लागली. गोवर्धनना ते बघवेना. त्यांनी खुंटीवरचा दुपट्टा खांद्यावर टाकला, अंगण ओलांडलं आणि ते रोडच्या दिशेने निघाले. फाटकापाशी पोचल्यावर, मागे वळून न बघता, त्यांनी घरात आवाज दिला.

"आता आलन लाव वो! जवाई येऊन राहिले!"