नूनचं बटण

सुहैबनं दुरुस्तीला आलेल्या लॅपटॉपचं ते बटण उपटून टेबलावर ठेवलं, तरी पडद्यावर अक्षरं येतच राहिली.

नून. अरबीतला न. एकटा असला की वाटीसारखा, वर एक ठिपका. पण एकामागून एक लागले की त्यांचे दात होतात. अर्धं पान दातांनी भरलं होतं, आणि कीबोर्डवर कुणाचाही हात नव्हता.

"सकाळपासून तीन तास चालू ठेवला होता, मावशी. एक अक्षर उमटलं नाही," तो म्हणाला. "तुम्ही दारात आलात आणि सुरू झालं."

रफ्का काउंटरपलीकडे उभी होती. साठीला आलेली, मोसूलच्या प्राथमिक शाळेत जन्म घालवलेली बाई. अम्मानला येऊन तीन वर्षं झाली होती.

"पडदा तिकडे वळव, बाळा."

"अहो, भूतबीत नाही हे. टेबलावर ऊन आलंय. तापलं की आतले थर एकमेकांना चिकटतात." त्यानं लॅपटॉप सावलीत ओढला. अक्षरं थांबली नाहीत. "लिनक्स आहे हे एक बरं. ते काही लपवत नाही. कुठलं बटण दाबलं जातंय ते सरळ नंबरानं सांगतं."

त्यानं एक काळी खिडकी उघडली. तिच्यात आकडे धावू लागले. सदतीस, सदतीस, सदतीस.

मग त्यानं भाषा बदलून इंग्रजी केली. नूनच्या जागी के येऊ लागले. रफ्कानं पहिल्यांदाच पडद्याकडे नीट पाहिलं आणि श्वास सोडला.

"असंच राहू दे की."

"आणि अर्ज इंग्रजीत लिहिणार?"

परदेशात आसरा मागायचा अर्ज अरबीत द्यायचा होता. गुरुवारी, वकिलातीत. काय झालं, कसं झालं, सगळं स्वतःच्या शब्दांत. आठवडाभर ती लिहायला बसत होती, आणि चौथ्या ओळीला नून सुरू होऊन पान तिच्या हातून सुटत होतं.

"मग ते बटणच बंद करतो. यंत्राला सांगतो, सदतीस आला की कानाडोळा कर."

"आणि आमच्या प्रांताचं नाव, निनवे, कसं लिहू? बेहनाम कसं लिहू?"

बेहनाम तिचा नवरा. लॅपटॉप त्याचा होता.

सुहैबनं वरची पट्टी उचकटली आणि कीबोर्डची चपटी केबल चालू यंत्रातूनच ओढून काढली. असं करू नये हे त्याला ठाऊक होतं, पण आता त्यालाही राहवत नव्हतं. कीबोर्ड सुटून त्याच्या हातात आला. भाषा त्यानं परत अरबी केली होती. पडद्यावर दात उगवतच होते.

त्यानं सुटा कीबोर्ड टेबलावर पालथा ठेवला.

"बोट उचलल्याचा निरोप आत पोचलेलाच नाही," तो हळूच म्हणाला. "त्याला वाटतंय, बोट अजून तिथंच आहे."

त्यानं यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. पान कोरं. दोघंही बराच वेळ त्या कोऱ्या पानाकडे बघत राहिले.

"नवा कीबोर्ड उद्या मिळेल. ठेवून जा."

फळीवर असेच चार काळे लॅपटॉप होते. त्यानं चिकटपट्टीचा तुकडा फाडला, लाल पेनानं त्यावर मोठा नून काढला, भोवती गोल केला आणि तुकडा झाकणावर चिकटवला. जे बिघडलं तीच खूण, अशी त्याची पद्धत होती.

वळून पाहतो तो रफ्का भिंतीला टेकलेली.

"काढ ते."

"अहो, नुसती खूण आहे. दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ नये म्हणून."

"काढ म्हणते ना!"

वर्गातला आवाज होता तो. त्यानं पट्टी ओरबाडून काढली.

"आमच्या दारावर काढला होता," ती म्हणाली. "असाच लाल, असाच गोलात. आम्ही नसारा ना, येशूला मानणारे. नसारातला नून. ज्या दारावर तो, ते घर मोसूल घेतलेल्या त्या काळ्या झेंडेवाल्यांचं. शनिवारी दुपारच्या आत निघायचं."

"टीव्हीवर पाहिलं होतं मी," सुहैब म्हणाला. त्याचा हात आपसूक स्वतःच्या दाढीकडे गेला. "पण आत्ता डोक्यातच आलं नाही, मावशी. खरंच नाही." मग थोडं थांबून, "कुणी काढला ते पाहिलंत?"

"पाहिलं नाही. अक्षर ओळखलं."

ती स्टुलावर बसली.

"सगळी मुलं आधी वाटी काढतात, मग ठिपका देतात. माझ्या वर्गात एकच होता, तो आधी ठिपका द्यायचा आणि मग त्याच्याखाली वाटी धरायचा. दारावर रंग ठिपक्यालाच ओघळला होता. ब्रश आधी तिथं टेकला होता. वाटीपर्यंत येता येता सुकलेला. पहिलीत वर्षभर हात धरून गिरवून घेतलं त्याच्याकडून. सुधारला नाही."

सुहैबनं बाहेरून जोडायचा एक कीबोर्ड तिच्यापुढे ठेवला. "इथंच बसून लिहा. मी चहा सांगतो."

तिसऱ्या प्रहरची, असरची अजान होऊन गेली तरी ती लिहीत होती. एका गिऱ्हाइकाला त्यानं दारातूनच परत पाठवलं. शेवटी तिनं हाक मारली. कागद छापून तो पानं लावू लागला आणि मध्येच थांबला.

"एक रकाना राहिला, मावशी. हाकलणाऱ्यांपैकी कुणी ओळखीचं होतं का, असल्यास नाव."

"राहू दे."

"अहो, पण तेच तर विचारतील. नाव असलं तर अर्ज पुढे सरकतो. कोरा बघून बाजूला टाकतील."

रफ्कानं चष्मा काढून डबीत ठेवला आणि पानं त्याच्या हातातून घेतली.

"तो आता एकोणीस वर्षांचा असेल," ती म्हणाली. "असला तर."