फुंकर

निजामाच्या राज्यातली गोष्ट. उमरग्यात महांतप्पा आडत्याच्या सुनेला मुलगा झाला, पण तो रडेचना. अंग निळं पडत चाललं. सुईण राहेल मांगवाड्यातली, नुकतीच ख्रिस्ती झालेली. मातीच्या माणसात देवानं आपला श्वास फुंकला, हे तिनं पाद्रीबाबांकडून ऐकलं होतं. तिनं लेकराच्या तोंडाला तोंड लावून हळूच फुंकर घातली. एकदा, दोनदा, तिसऱ्या फुंकरीला लेकरानं टाहो फोडला. सासू शिवकांता तांब्या घेऊन आली. मांगिणीचा हात लागलेलं लेकरू धुऊनच जवळ घ्यायचं, असा रिवाज. राहेल सवयीनं भिंतीकडं सरकली. शिवकांताचा हात मात्र थबकला. "वरून धुऊन काय करू गं? आत तर तुझाच श्वास हाय." तिनं तोच तांब्या राहेलच्या हाती दिला. "घे, पी." तांब्या कपाळाला लावत राहेल म्हणाली, "माझा कुठला, अव्वा? मलाबी देवानंच फुंकून दिलाय."