तेल लावलेले कप

मानेतलं हाड मज्जारज्जूला दाबत होतं, म्हणून डॉक्टरांनी माझ्या तोंडातून आत शिरून ते काढलं. आता आठवडाभर बोलणं बंद, जेवण नाकातल्या नळीतून. सून नळीत दूध सोडत होती, तेवढ्यात शेजारीण बघायला आली.

"काय गं, तुझ्या हातून पडावेत म्हणून सून अजून कपांना तेल लावते का?"

त्या हाडापायीच हाताला मुंग्या येऊन कप सुटायचे, तेव्हा ही थाप मीच तिखटमीठ लावून गल्लीभर फिरवली होती. आता नाही म्हणायला तोंड बंद, मान हलवावी तर ती पट्ट्यात. मी मेली शरमेने छताकडे बघत राहिले.

"लावायचे हो, मावशी," सून म्हणाली. "आता नाही लावणार."

आणि तिने माझ्या ओठांवरची लाळ हळूच टिपली.