पेसादो

नव्या मोटारसायकलची सीट मळते म्हणून कापसाचं गाठोडं बायकांनी डोक्यावरच आणायचं, हा काकाजींचा कायदा. पुढे आई, मागे समीक्षा, कानात मोबाइलवरचा स्पॅनिशचा धडा. आजचा शब्द पेसादो, म्हणजे जड; मग ते ओझं असो, नाहीतर बडबडीनं जीव नकोसा करणारा माणूस. काकाजी शेजारून गाडी हळूहळू चालवत बोलतच होते. “हे कायले शिकून राह्यली? चूल काय त्या भाषेनं पेटते? तुह्या मायलेच अक्कल नाही.” आई चालतच राहिली. डोक्यावर गाठोडं असलं, की नाही म्हणायलाही मान हलत नाही. समीक्षानं तिथंच गाडी अडवली. आपलं गाठोडं तिनं मागच्या सीटवर आदळलं, आईचं काकाजींच्या पुढ्यात. “वझं नेलं असतं, काकाजी. त्याच्यावर तुमालेबी घेऊन चालणं होत नाही.” “वहिनी, समजवा इले,” काकाजी ओरडले. आईनं मोकळी मान हलवली, “नाही.”