कुरमुऱ्यांचं पोतं

पावसानं आकाशपाळणा बंद पडला आणि थीम पार्कमधली सगळी गर्दी भेळेच्या स्टॉलच्या छपराखाली दाटली. नेमका जुईचा रेनकोट घरीच राहिला होता.

"माझी आई कध्धी विसरली नसती, काकू," जुई म्हणाली.

मंगलनं पुन्हा एकदा बॅग उपसून पाहिली. लग्न होऊन ती या घरात आली, त्यानंतरची तिघांची ही पहिलीच सहल. बॅग तिनंच तर भरली होती.

जुईचे बाबा गाडीतली छत्री आणायला धावले. मंगलनं मात्र भेळवाल्याकडून कुरमुऱ्यांचं रिकामं प्लॅस्टिकचं पोतं मागून घेतलं. माहेरी भातलावणीला घालायचे तशी, एक कोपरा दुसऱ्यात खोचून तिनं झकास खोळ केली आणि जुईच्या डोक्यावर चढवली.

जुई आधी गाल फुगवून उभीच राहिली. मग हळूच पागोळ्यांखाली गेली. पाणी पाठीवरून नुसतं ओघळून गेलं, तशी ती खुदकन हसली आणि डबक्यांतून नाचत सुटली.

"ए, हे कुठं मिळतं गं?" छपराखालच्या एका मुलीनं विचारलं.

"मिळत नाही," जुई ऐटीत म्हणाली. "आईला करता यावं लागतं."