उपविजेत्याची गाडी

"पुन्हा फिरवा," तो गाडीखालून म्हणाला.

त्याची जुनी शर्यतीची गाडी विकत घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकानं वर उचललेलं मागचं चाक पुन्हा पुरते दोन फेरे फिरवलं. दुसरं चाक जमिनीवर होतं, गाडी न्यूट्रलमध्ये. तेवढ्या दोन फेऱ्यांत गाडीखालचा लांब शाफ्ट किती फेरे घेतो, एवढंच मोजायचं होतं. चारच्या वर म्हणजे शर्यतीचा गिअर, गाडी जागेवरून उसळी घेणार. तीन म्हणजे कारखान्यातून आलेला, संथ. शाफ्टवरची खडूची रेघ तीनदा फिरली आणि थांबली.

तिसऱ्या वेळीही तीनच.

"तुम्ही तर म्हणालात, मागच्या एक्सलचा गिअर बदललाय," गिऱ्हाईक म्हणालं.

बदलला होता. बाबांनी स्वतः बदलला होता, याच गॅरेजमध्ये, त्याच्या पहिल्या शर्यतीच्या आधी. दोन दिवस त्याला आत पाऊल टाकू दिलं नव्हतं. मग हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले होते, "बसवला. आता पुढचं तुझ्या पायात." त्यानं गाडी बाहेर काढली तेव्हा ती त्याला उडाल्यासारखीच वाटली होती. माणसाला हवं ते वाटतं, त्याला कोण काय करणार! त्यानंतरही गाडीचं सगळं बाबाच बघायचे. दुसऱ्या कुणाचा हात त्यांना चालायचा नाही.

झेंडा पडला की सगळे सुटायचे आणि हा मागे राहायचा. मग वळणावळणावर एकेकाला गाठत यायचा. शेवटी एक गाडी पुढे उरायचीच. पाच वर्षं हेच. "सुरुवातीलाच कच खातो," लोक म्हणायचे. मित्रांनी त्याचं नाव उपविजेता ठेवलं. ते सासरीही पोचलं. मेहुणा जेवताना मुद्दाम विचारायचा, "उपविजेते, भात वाढू का?" तो हसायचा आणि मनातल्या मनात स्वतःच्या उजव्या पायाला शिव्या द्यायचा. अखेर त्यानं शर्यती सोडल्या. आता तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून "हळू, हळू" म्हणतो.

तो गाडीखालून बाहेर आला. बाबा दाराशी खुर्चीत बसून सगळं बघत होते. किती फेरे आले, हे त्यांनी विचारलं नाही.

"बाबा, गिअर बदललाच नव्हता तुम्ही?"

"नाही."

पाना उचलून भिंतीवर फेकावा, इतका त्याला राग आला. पण समोर म्हातारा माणूस होता, आणि तो बाप होता.

"पाच वर्षं सगळे मला भित्रा म्हणत होते. तुम्ही ऐकत होतात."

"ऐकत होतो."

गिऱ्हाईक उगाच खडू चाळवत उभं राहिलं. जावं की थांबावं, त्याला कळेना.

"मला वाटलं होतं, एकदा सपाटून हरशील, नाद सोडशील आणि जिवंत राहशील," बाबा म्हणाले. "पण त्या गिअरवर तू दुसरा आलास. तेव्हाच मला कळलं, तुझ्या तोडीचा तिथे कोणीच नाही. मग तर खरा गिअर मी तुला कधीच देणार नव्हतो."