ओट्यामागची भिंत

आई हल्ली सगळंच विसरत चालली होती. पण ओट्यामागच्या पोपडे आलेल्या भिंतीपाशी आली, की मुलाला हमखास विचारायची, "कधी लावतोस रे टाइल्स?"

तिची तेवढी तरी इच्छा पुरी व्हावी, म्हणून आयुष्यात कधी थापी न धरलेल्या त्याने मोबाइलवर बघून बघून स्वतःच काम काढलं. "पहिलीतल्या पोराच्या अक्षरासारखी चाललीय रांग," बायको हसली. त्याने टाइल्स उपटून रांग पुन्हा लावली.

शेवटची फट भरून झाल्यावर त्याने आईला हाताला धरून आणलं. तिने गुळगुळीत भिंतीवरून तळवा फिरवला.



"छान आहे हो घर तुमचं. आता मला माझ्या घरी सोडता का? मुलगा टाइल्स लावायला थांबला असेल."